नथू विशेची बसकी गाडी

तुळशीचं लग्न लागलं की आमच्या मुरबाड-शहापूर भागात काळ्या उंच गाड्या दिसायला लागतात. एरवी त्या कुठे असतात कोण जाणे. पण हळदीच्या मांडवाबाहेर त्या एकामागे एक उभ्या असतात. चाकं माणसाच्या कमरेला येतील एवढी, काचा काळ्या, पुढच्या काचेवर कुलदेवीचं नाव. साध्या गाडीला हल्ली नवरदेवाकडचे विचारत नाहीत आणि महागड्या विलायती गाड्या पाहाव्यात तर त्याही सगळ्या याच घाटाच्या. वर्तमानपत्रात त्यांना एसयूव्ही म्हणतात. गावात नुसतं 'मोठी गाडी' म्हटलं तरी कळतं.

वर्तमानपत्रातलं गाड्यांचं पान मी नेमाने वाचतो. महागड्या गाड्यांत एसयूव्हीचीच चलती आहे, असं त्यात गेली कित्येक वर्षं छापून येतं. ही हौस कधीतरी ओसरेल असं मला वाटायचं. ती ओसरत नाही. मी वाणिज्य शाखेचा माणूस. शहापूरच्या एका पतसंस्थेत हिशेब बघण्यात सगळी नोकरी सरली, आता निवृत्ती जवळ आली. मागणी इतकी टिकते तेव्हा तिच्यामागे काहीतरी कारण असतं, एवढं मला कळतं. ते कारण मला नथू विशेच्या गाडीपायी कळलं आणि नथूची गाडी एसयूव्ही नव्हती.

नथू दहावीपर्यंत माझ्या वर्गात होता. पुढे मी कल्याणला कॉलेजात जाऊ लागलो आणि नथू कल्याणला जीप घेऊन जाऊ लागला. मुरबाडला रेल्वे नाही. कुठेही जायचं तर आधी कल्याण गाठायचं, एसटीने नाहीतर जीपने. नथूच्या जीपमध्ये माणसं बसत नसत, ती भरली जात. शेवटचा माणूस आत घेतला की नथू स्वतः अर्धा बाहेर. उजवी मांडी हवेत, डावा खांदा कुणाच्या तरी छातीवर आणि नजर रस्त्यावर. अशी त्याची सगळी उमेदीची वर्षं गेली. आपला एक मणका अजून कल्याणच्या वाटेवरच्या रायत्याच्या पुलाकडे तोंड करून आहे, असं तो सांगतो.

एकदा गोवेलीजवळ रस्ता खणलेला होता आणि गाड्या खोळंबल्या होत्या. नथूच्या जीपशेजारी एक लांब, बसकी, चंदेरी विलायती गाडी येऊन थांबली. मागच्या सीटवर एक गृहस्थ कपबशी हातात धरून चहा पीत होते. रस्ता सुटल्यावर दोन्ही गाड्या एकाच खड्ड्यातून गेल्या. नथूच्या जीपमधल्या एका बाईच्या पाटीतली कोंबडी उडून त्याच्या मांडीवर आली. शेजारच्या गाडीतला चहा मात्र हललासुद्धा नाही.

"तवाच ठरवलं, शेखर," नथू मला म्हणाला होता. "गाडी घेईन तर असली. जनमभर उंच बसलो. आता खाली बसणार."

पोरगा अक्षय मुरबाडच्या कारखान्यात लागला, तेव्हा नथूने जीप विकली, घरातून, इकडून तिकडून पैसे गोळा केले आणि ठाण्याच्या एका जुन्या गाड्यांच्या दुकानातून तसलीच चंदेरी गाडी आणली. मीही बरोबर होतो. दुकानदार माणूस प्रामाणिक. तो म्हणाला, "काका, विचार करा. ही ज्या साहेबांची होती त्यांनी आता एसयूव्ही घेतली. ज्याच्याकडे पैसा आहे त्याला आता तीच पाहिजे. म्हणून तर ही तुम्हाला परवडते."

"फॅशन हाय," नथू म्हणाला. "जाईल."

ही गाडी लग्नात नवरदेवासाठी भाड्याने द्यायची, असा नथूचा बेत होता. आमच्याकडे नवरदेवाला त्या एका दिवसापुरती भारी गाडी लागतेच आणि अशी बसकी भारी गाडी दोन्ही तालुक्यांत दुसरी नव्हती. ती का नव्हती, याचा विचार नथूने केला नाही. मी केला, पण बोललो नाही.

गाडी सरळगावच्या पुढे त्याच्या अंगणात आली तेव्हा सगळी आळी जमली. गिरजावहिनी आरतीचं ताट घेऊन बाहेर आल्या. चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. बॉनेटला कुंकू लावायला वहिनींना वाकावं लागलं. तेवढ्यात समोरचा किराणावाला वाळू दुकानातूनच ओरडला, "नथूदादा, वरचा मजला परवानगी आल्यावर बांधणार का?"

लोक हसले. वहिनी हसल्या नाहीत. ताट खाली ठेवत त्या म्हणाल्या, "अवो, मला वाटलं गाडी आणताय. ही तर चटई आणली."

"बस तर खरी."

"बसते. पण बसल्यावर मला काय दिसनार? वाळूच्या म्हशीचं पोट?"

त्या बसल्या आणि त्यांना खरोखरच म्हशीचं पोट दिसलं, कारण म्हैस तिथेच बांधलेली होती.

गाडी आत बसायला अप्रतिम होती, यात वाद नाही. अडचण होती ती रस्त्याची. आमच्याकडचे गतिरोधक सरकारी मापाचे नसतात. ज्याच्या दारापुढे गतिरोधक असतो, त्याला वाहनवाल्यांचा किती राग आलेला आहे, त्या मापाचे ते असतात. नथूची गाडी पोटाने टेकायची. मग त्याने नियमच केला. गतिरोधक आला की गाडी थांबवायची, मागे वळून "उतरा मंडळी" म्हणायचं, सगळ्यांनी चालत पलीकडे जायचं, हलकी झालेली गाडी तिरकी घालून अलगद पलीकडे आणायची आणि मग परत बसायचं. पहिल्याच आठवड्यात त्याने मला हौसेने किन्हवलीला नेलं. अर्धा रस्ता मी गाडीतून गेलो आणि अर्धा गाडीबरोबर गेलो.

गिरजावहिनींनी हे सगळं मोठ्या शांतपणे पाहिलं आणि तुळशीच्या लग्नादिवशी निकाल सांगितला. मी फराळाला गेलो होतो, माझ्यासमोरच.

"आता लग्नं सुरू होतील. चैत्र संपायच्या आत एका तरी नवरदेवाकडच्यांनी ही गाडी मागूदे. मागितली तर ऱ्हाईल. नाय मागितली तर विकायची आणि रघूसारखी मोठी घ्यायची. शेखरभावजी, तुमी साक्षीला."

"मागतील गो," नथू म्हणाला. "लाईन लागेल."

रघू म्हणजे नथूच्या भावकीतला तरणा गडी. त्याच्याकडे काळी, महागडी एसयूव्ही होती आणि तिच्या तारखा पार अक्षय्य तृतीयेपर्यंत लागलेल्या होत्या. तो दुष्ट नव्हता, पण त्याला राहवायचं नाही. येता जाता काच खाली करून तो वरून विचारायचा, "नथूदादा, कोण आलं का?" आणि एकदा म्हणाला, "मी काय म्हणतो, गाडी पाटावर ठेव. नवरदेवाला ठेवतात तशी. जरा दिसंल तरी."

"तू तुझ्या गाडीला शिडी लाव पयली," नथू म्हणाला.

पहिला नवरदेव आला तो फेटा घालूनच आला, कारण त्याला फोटोही काढायचे होते. पोरगा बसला, पण फेट्याचा तुरा बाहेर राहिला. तुरा आत घेतला तर मान गुडघ्याशी आली. नथू म्हणाला, "फेटा उतरल्यावर घाल." पोराची आई म्हणाली, "आन् रस्त्यानं काय, बोडक्यानं नेऊ नवऱ्याला?" ती मंडळी गेली.

दुसऱ्या गिऱ्हाइकाचं नवरदेवाबरोबर कोण कोण बसणार, यावरून मोडलं. करवली, धाकटी करवली, दोन भाचे, कळशी धरून बसणारी काकू आणि नवरदेवाचा एक मित्र, जो त्याला सोडून कुठेच जात नसे. नथूने जीप चालवलेली असल्यामुळे तो सगळ्यांना बसवायला तयार होता. बसवलंही. पण त्यानंतर गाडी जागची हलेना, कारण ती बसली होती.

तिसऱ्याने मला खरं कारण सांगितलं. धसईकडचे एक वरबाप होते, समजूतदार माणूस. त्यांनी गाडीला चारही बाजूंनी फेरी मारली, सीटवर हात फिरवला, दार उघडून लावून पाहिलं.

"नथूशेठ, गाडीला नाव ठेवायला जागा नाय," ते म्हणाले. "पण तुमीच सांगा. वरातीत म्होरं बेंजोवाले वाजवणार. चारी बाजूला पोरं नाचणार. तुमची गाडी पोरांच्या खांद्याच्या खाली. माझा पोरगा कुठं हाय ते लोकांना कळायला मी काय झेंडा लावू? मोठ्या गाडीत तो छपरातून वर उभा ऱ्हातो. पार नदीपलीकडून दिसतो. एवढा खर्च करायचा तो काय दिसू नये म्हणून?"

नथू गाडीचं छप्पर पुसायला लागला. इतक्या वर्षांत वर्तमानपत्राच्या गाड्यांच्या पानावर हे कुणी लिहिलं नव्हतं. माणूस गाडी आत बसण्यासाठी घेतो असं आपण धरून चालतो. तो ती बाहेरच्यांसाठी घेतो. बाहेरचे जोपर्यंत गर्दी करून उभे आहेत, तोपर्यंत उंच गाडीला मरण नाही.

चैत्र संपत आला तरी नथूच्या गाडीला एकही नवरदेव लागला नव्हता. वहिनींनी शब्दाने टोचलं नाही. फक्त एक दिवस त्या म्हणाल्या की भिवंडीचा एक दलाल रविवारी गाडी बघायला येणार आहे. नथूने त्या दिवशी गाडी दोनदा पुसली.

त्या रविवारच्या आधी पारूच्या पोराचं, प्रज्वलचं, लग्न होतं. पारू नथूची चुलत बहीण, टोकावड्याकडे दिलेली. म्हणजे नथू नवरदेवाचा मामा. त्याला शेवटची आशा होती. पण पारूने आमंत्रण देतानाच सांगून टाकलं, "दादा, मामा म्हणून दोन दिस आधी ये. गाडी रघूची सांगितलीय. तुझी आणायची तर आण, पण लांब लाव. फोटोत यायला नको."

पारूबद्दल थोडं सांगायला हवं. बाई अंगाने भरदार, आवाजाने त्याहून भरदार आणि दोन्ही गुडघ्यांनी अधू. पण वरमाई होण्याची तिची हौस मोठी होती. आमच्याकडे नवऱ्या मुलाची आई मुलीच्या दारी पोचली की तिच्यापुढे पायघडी अंथरतात. गाडीपासून मांडवापर्यंत साड्या घालतात, विहीण पाय धुते आणि वरमाईचा पाय मातीला न लागता ती आत जाते. पारूने स्वतःच्या सासूचा हा थाट पाहिला होता आणि तेव्हापासून ती आपल्या पाळीची वाट बघत होती. नऊवारी शालू, नाकात नथ, हातभर बांगड्या. सकाळपासून ती कुणाला ओळख देत नव्हती.

रघूची गाडी दारात आली तेव्हा वर चढायचं कसं हा प्रश्न निघालाच नाही. पारूचं घर जुन्या बांधणीचं, ओटी कमरेएवढी उंच. रघूने गाडी आडवी घेत ओटीला लावली. पारू ओटीवरून थेट पुढच्या सीटवर गेली, देवळाचा उंबरा ओलांडावा तशी सहज. सगळ्यांनी वाहवा केली. प्रज्वल मागून चढला, करवल्या चढल्या आणि वऱ्हाड किन्हवलीच्या अलीकडच्या एका गावाकडे निघालं. आम्ही मागून नथूच्या गाडीतून. गतिरोधकांमुळे आम्ही जरा उशिरा पोचलो. सांगितल्याप्रमाणे नथूने गाडी लांब, गावच्या राईस मिलपाशी लावली आणि आम्ही चालत मांडवाकडे गेलो.

मांडवापुढे बेंजो वाजत होता. प्रज्वल छपरातून वर उभा राहून हात हलवत होता आणि खरंच सगळ्या गावाला दिसत होता. मुलीच्या भावांनी त्याला खाली उतरवलं, मिरवत आत नेलं. गाडीच्या पुढच्या दारापासून पायघडी अंथरली. विहीणबाई तांब्या आणि परात घेऊन उभ्या राहिल्या. रघूने धावत येऊन दार उघडलं.

पारूने खाली पाहिलं आणि तिचा चेहरा बदलला.

घरी तिला ओटीवरून चढवली होती. उतरवायचं कुठून, याचा विचार एवढ्या मोठ्या वऱ्हाडात एकानेही केला नव्हता. सीटपासून जमीन खोल विहिरीसारखी दिसत होती. गाडीला पायरी होती, पण त्या पायरीपर्यंत जायलाच दुसरी पायरी हवी होती आणि गुडघा त्यासाठी वाकायला हवा होता.

"मावशी, या," मुलीचा थोरला भाऊ म्हणाला.

"येते. घाई काय हाय?" पारू म्हणाली आणि पदर सारखा करायला लागली. पदर सारखाच होता.

कुणीतरी मांडवातली प्लास्टिकची खुर्ची आणून दाराखाली ठेवली. पारूने तिच्याकडे अशी नजर टाकली की खुर्ची आणणारा मागे सरला. "खुर्चीवर उभी ऱ्हाऊ? मी वरमाय हाय का पंखा पुसायला आलेली बाई?"

मग चौघे भाऊ पुढे आले. पोरं चांगली होती, मनापासून म्हणाली, "मावशी, आमी उचलतो. हां हां म्हणता खाली."

"हात लावू नका! मी काय गॅसचा सिलेंडर हाय?"

मुलीकडच्या बायका तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. त्यातली एक पुटपुटली, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशी, "इहीनबाईंना गाडी लय आवडली वाटतं. म्हणावं, आहेरात घेऊन जावा." मांडवातून भटजींचा आवाज कर्ण्यावरून आला, "वरमाईंनी मांडवात यावे. मुहूर्त जवळ आलेला आहे." ते त्यांनी पुन्हा सांगितलं आणि दुसऱ्यांदा त्यात थोडी काळजी होती. पारूने रागाने दार ओढून घेतलं. आत एसी चालू होता. काचेआड ती तशीच समोर बघत बसली. ज्या क्षणाची आयुष्यभर वाट पाहिली तो हसण्यावारी चालला होता, हे तिला कळत होतं.

नथूने ते पाहिलं. तो गर्दीतून पुढे गेला आणि काचेवर टकटक केलं.

"पारू, चढलीस कुठून?"

काच चार बोटं खाली आली. "ओटीवरनं. तुला ठाव नाय?"

"मग उतरायला बी ओटी पायजे. जमिनीवर कशाला उतरतेस?"

हे इतकं साधं होतं, पण तिथे उंच ओटी होती कुठे? त्या गावात सगळी नवी स्लॅबची घरं, पायऱ्या बुटक्या. मारुतीच्या देवळाचा चौथराही वीतभर. नथूने गावावरून एकदा नजर फिरवली आणि राईस मिलकडे बोट केलं. मिलच्या पुढे ट्रकमध्ये भाताची पोती भरायला धक्का बांधलेला होता, बरोबर गाडीच्या उंचीचा. बाजूने हमालांना उतरायला रुंद, बसक्या पायऱ्या.

"पोत्यांच्या धक्क्यावर?" पारू म्हणाली.

"कुणी बगत नाय. सगळे हितं हायत. वाजवा रे!" नथू बेंजोवाल्यांना म्हणाला आणि ते वाजवू लागले.

रघू गाडी मागे घेत घेत मिलकडे निघाला. त्याच्या पडद्यावर मागचा रस्ता दिसायची सोय होती, पण त्यात नाचणारे बेंजोवालेच दिसत होते. तरी तो पोचला. पारू धक्क्यावर उतरली. तिथे पोती तोलायचा काटा होता. त्याला वळसा घालून ती गेली. मग पायऱ्या उतरून खाली आली आणि समोर नथूची गाडी उभी होती. लांब लावायला सांगितलेली, म्हणून बरोबर तिथेच.

नथूने मागचं दार उघडलं. पारू घुटमळली.

"ह्या चटईत बसू?"

"खाटेवर बसतेस ना? तसं. पाठ कर आणि बस."

पारूने पाठ केली आणि बसली. मग दोन्ही पाय उचलून आत घेतले. तिच्या तोंडातून "अगो बाई" एवढं निघालं आणि तिने डोळे मिटले.

मिलपासून मांडव जवळच होता. मध्ये फक्त एक गतिरोधक होता, सरपंचाच्या दारापुढचा. त्या सरपंचाला वाहनवाल्यांचा फार राग असावा. नथूने गाडी थांबवली. मी पुढे बसलो होतो. त्याने माझ्याकडे बघितलं, मी निमूट उतरलो. मग त्याने आरशातून मागे पाहिलं. 'उतरा मंडळी' त्याच्या ओठांवर आलं असणार. मागे नऊवारी शालूतली वरमाई होती. तिचा पाय मातीला लागला असता तर सगळंच संपलं.

"काय झालं रे दादा?" पारूने डोळे न उघडता विचारलं.

"काय नाय," नथू म्हणाला. खिडकीतून हात बाहेर काढून त्याने बेंजोवाल्यांना खूण केली, "जोरात! अजून जोरात!"

त्यांनी जोरात वाजवलं आणि नथूने गाडी घातली. गाडीच्या पोटाखालून जो आवाज आला तो फक्त मी आणि नथूने ऐकला. बाकीच्यांना तो ढोलकीचाच वाटला. नथूचं तोंड, दात उपटून घेताना माणसाचं होतं तसं झालं. गाडी पलीकडे गेली आणि रस्त्यात तिच्या पोटाचा एक काळा पत्रा पडून राहिला. तो मी उचलला. आता हा घेऊन करायचं काय? मी तो दोन्ही हातांत धरून वऱ्हाडामागून चालत राहिलो. मांडवाशी एका बाईने तो आदराने माझ्या हातातून घेतला आणि आहेराच्या भांड्यांजवळ नेऊन ठेवला.

पायघडीपाशी गाडी थांबली. नथूने दार उघडलं आणि पारूने आधी दोन्ही पाय बाहेर काढून साडीवर टेकवले. ती तशीच सीटवर ऐटीत बसून राहिली, पाटावर बसावं तशी. विहीणबाई पुढे आल्या, परात ठेवली, पाय धुतले, कुंकू लावलं, ओटी भरली. कुणाला चढावं लागलं नाही, कुणाला उचलावं लागलं नाही. मग पारू सीटवरून उठली आणि नाकातली नथ सावरत, कुणाकडे न बघता, पायघडीवरून मांडवात गेली. मघाशी आहेराचं बोलणारी बाई आता पायघडीची सुरकुती सरळ करत होती.

जेवणावळी उरकेपर्यंत नथूच्या गाडीत चार म्हाताऱ्या बसलेल्या होत्या. त्यांना कुठेच जायचं नव्हतं. एक उतरली की दुसरी तिची जागा घ्यायची. "बस बग गो, बस," असं एकमेकींना सांगत होत्या.

घरी मात्र निकाल लागायचा होता. दुसऱ्या दिवशी मी आहेरातून सोडवून आणलेला पत्रा द्यायला गेलो, तेव्हा तो वाद चालू होता.

"नवरदेवाकडच्यांनी गाडी मागितली पायजे, असं ठरलं होतं," गिरजावहिनी म्हणाल्या. "पारूवन्संनी मागितली नाय. तुमी दिली. आन् गाडी फोडून आणली ती वेगळीच. रविवारी दलाल येणार म्हंजे येणार."

"वरमाय बसली ना पण!"

"बसली. पण मागितली का? भावजी, तुमीच सांगा."

मी साक्षीदार होतो. नियमाने बघता वहिनींचं बरोबर होतं आणि तसं मी सांगितलं. नथूने माझ्याकडे असं पाहिलं की मला चहा घेववेना.

शनिवारी वहिनींचा फोन वाजला. पलीकडे पारूची नवी विहीण, पाय धुणारी. तिच्या थोरल्या पोराचं लग्न अक्षय्य तृतीयेला होतं. आता वरमाई ती होणार होती आणि गुडघे तिचेही काही बरे नव्हते. फोनवरचा आवाज एवढा मोठा होता की तो आम्हाला ओसरीवर ऐकू आला. "नवरा कशात बी बसूदे, त्याची मोठी गाडी सांगितलीय. मला ती खालची पायजे. मी सांगते, बाकी कुणाला देऊ नका."

वहिनींनी नथूकडे पाहिलं. मग फोनवर अगदी सावकाश म्हणाल्या, "त्या दिवशी जरा अडचण हाय. दोघी-तिघींनी विचारलंय. बघून सांगते हां." आणि फोन ठेवला.

"कोण दोघी-तिघी?" नथूने विचारलं.

"विचारतील," वहिनी म्हणाल्या.

आणि विचारलं. रविवारी दलाल आला, चहा पिऊन गेला. गाडीचा पत्रा परत लागला. पुढच्या हंगामात तर रीतच पडली. नवरदेवाला मोठी काळी गाडी आणि मागून वरमाईला नथूची. रघूने शहाणपणाने दोन्हींचा एकच भाव सांगायला सुरुवात केली, म्हणजे घेतली तर जोडी. मुलीकडच्या गावाला गतिरोधक किती आणि केवढे, हे नथू आधीच विचारून घेतो आणि तिथल्या पोरांकडून गतिरोधकांच्या दोन्ही बाजूंना मुरूम टाकून घेतो. वरमाईसाठी म्हटलं की पोरं टाकतात.

एसयूव्हीची फॅशन जाईल, असं आता नथू म्हणत नाही. गेली तर कसं होईल, ही त्याला काळजी आहे.

मागच्या महिन्यात रघू नवी गाडी घ्यायला कल्याणला गेला तेव्हा आम्हालाही बरोबर घेऊन गेला. शोरूममध्ये काचेसारख्या फरशीवर एक भलीमोठी काळी गाडी होती. गिरजावहिनी कुणाला न विचारता भराभर चढल्या आणि पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. नथूला ते आवडलं नाही. "तू चढून काय उपेग? तुझे गुडघे चांगले हायत." मग त्याने गाडीच्या पायरीची उंची आपल्या मांडीशी मोजून पाहिली आणि त्याचा चेहरा खुलला.

टाय लावलेला विक्रेता पुढे आला. "सर, यात ज्येष्ठांसाठी खास सोय आहे. बघा." त्याने बटण दाबलं. गाडीने उसासा टाकला आणि वहिनींसकट हळूहळू खाली बसली, उंट बसतो तशी. पायरी जमिनीजवळ आली. नथूचा चेहरा उतरला. त्याने खांबाला हात टेकला.

रघू मात्र खूश झाला. "परत दाखवा." गाडी परत उठली, परत बसली. रघू बघत राहिला आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"ही कुठं पण अशी बसते?"

"कुठेही सर. दारात, रस्त्यात, मांडवात."

"मुलीकडच्यांच्या दारात पण?"

"हो सर."

"नवऱ्याची गाडी," रघू सावकाश म्हणाला, "मुलीकडच्यांच्या दारात, सगळ्या गावादेखत, अशी वाकणार?"

"वाकत नाही सर. ॲडजस्ट होते."

"आमच्याकडं त्याला वाकणंच म्हणतात. कुठला वरबाप घेईल ही? बिनबटणाची दाखवा. आणि हिच्यापेक्षा उंच हाय का?"

विक्रेत्याने पलीकडची दाखवली. ती खरंच उंच होती. नथूने जाऊन तिच्या पायरीला हात लावला, पुन्हा मांडीशी लावून माप पाहिलं आणि रघूच्या पाठीवर जोरात थाप मारली.

"हीच घे, रघू. लय झकास गाडी हाय," तो म्हणाला आणि वहिनींना खाली उतरायला हात द्यायला गेला. त्या तोवर उडी मारून उतरल्या होत्या.